तुमची वीस मिनिटे वाचली, आमचे दोन तास कोणी खाल्ले?

दरवर्षी जानेवारी आला की वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते. टॉमटॉम नावाची डच कंपनी जगातल्या शहरांची यादी काढते आणि कुठल्या शहरात दहा किलोमीटर जायला किती वेळ लागतो ते सांगते. २०२३ च्या यादीत पुण्याला २७ मिनिटे ५० सेकंद लागत होते आणि पुणे जगात सातवे होते. २०२४ च्या यादीत हा वेळ ३३ मिनिटे २२ सेकंदांवर गेला आणि पुणे चौथे आले. कोलकाता दुसरे, बंगळुरू तिसरे. मग दोन-चार दिवस चर्चा होते. वाहिन्यांवर तज्ज्ञ बसतात. उड्डाणपूल हवा, बोगदा हवा, रस्ता रुंद हवा, झोपड्या हटवा, अशा मागण्या निघतात. त्यातली शेवटची मागणी सर्वांत लवकर मंजूर होते.

आमचा साधा प्रश्न आहे. हा वेळ कोणाचा मोजला? ही यादी गाड्यांमधल्या दिशादर्शक यंत्रांतून आणि फोनवरच्या ॲपमधून आलेल्या माहितीवर बनते. म्हणजे मोजला तो गाडीतून जाणाऱ्याचा वेळ. पीएमपीएमएलच्या थांब्यावर चाळीस मिनिटे उभी राहिलेली घरकामगार बाई त्यात नाही. झाडू खांद्यावर टाकून पहाटे चौकीवर चालत जाणारा कंत्राटी सफाई कामगार त्यात नाही. गाडीवाला सिग्नलला अडकला की ती शहराची समस्या होते. बस आलीच नाही तर ते त्या बाईचे नशीब.

सरासरी कशी फसवते

यावर कोणी म्हणेल की मग सगळ्यांचाच वेळ मोजून सरासरी काढा, म्हणजे न्याय होईल. आम्ही सांगतो, होणार नाही. हिशेब करून बघा.

समजा दहा कामगार आहेत. चौघे गाडीने जातात, सहा जण वस्तीतून बसने आणि लोकलने. सगळ्यांना साठ मिनिटे लागतात. सरासरी साठ. आता वस्ती हटवून तिथून मोठा रस्ता काढला. चौघांचा वेळ तीस मिनिटांवर आला. सहा जणांना शहराबाहेरच्या इमारतीत टाकले, त्यांचा वेळ पंचाहत्तर मिनिटे झाला. नवी सरासरी काढा: सत्तावन्न मिनिटे. दहापैकी सहा जणांचे हाल वाढले आणि शहराचा प्रवास तीन मिनिटांनी सुधारला! मंत्री फीत कापायला मोकळे.

पुढचे तर याहून भयंकर आहे. त्या सहापैकी दोघींना एवढे लांब जाणे परवडेना म्हणून त्यांनी काम सोडले. काम सोडले म्हणजे त्या प्रवाशांच्या मोजणीतूनच बाद झाल्या. आता उरलेल्या आठ जणांची सरासरी काढा. ती साडेबावन्न मिनिटे येते. म्हणजे दोन बायांची भाकरी गेली आणि आकडा आणखी सुंदर झाला. 'अमुक शहराचा सरासरी प्रवासवेळ घटला' अशी बातमी वाचाल तेव्हा हे गणित आठवा. आधी विचारा की मोजणीतून कोण गायब झाले.

हे नुसते कागदावरचे गणित नाही

दिल्लीत २००४ साली यमुना पुश्त्यावरच्या वस्त्या पाडल्या. त्यात मुस्लिम आणि दलित मोठ्या संख्येने होते. ज्यांना पुनर्वसनाचा भूखंड मिळाला त्यांतल्या अनेकांना शहराच्या पार टोकाला बवानाला पाठवले. पुश्त्यावरून चालत किंवा सायकलने कामावर जाणारी माणसे एका दिवसात तीस-पस्तीस किलोमीटर लांब फेकली गेली. कोठीवर धुणीभांडी करणाऱ्या बायांची कामे सुटली, कारण पहाटे मालकिणीच्या दारात पोहोचायला बसच नव्हती.

चेन्नईत २००० सालापासून नदीकाठच्या आणि रस्त्याकडेच्या वस्त्या उठवून कण्णगी नगर, सेम्मंचेरी, पेरुंबाक्कम इथे नेल्या. शहराच्या मध्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर गरिबांच्या इमारतींचे रान उभे केले. त्यात दलितांचा वाटा मोठा आहे. सरकारी कागदावर त्यांना 'पक्के घर' मिळाले. त्या पक्क्या घराचे भाडे ते रोज प्रवासात भरतात, हे कागदावर नाही.

मुंबईचे आपण जाणतोच. रेल्वे रुळांकडेच्या झोपड्या हटवून माणसांना मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडात आणि वाशी नाक्याला नेले. लोकल वेळेवर धावावी म्हणून ज्यांनी घर सोडले त्यांच्याच वाट्याला लांबचा प्रवास आला. तानसा जलवाहिनीजवळच्या लोकांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन ठेवले. तिथली हवा माणसाने राहण्यासारखी नाही हा वाद हरित लवादापासून उच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की या लोकांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडे द्या. माहुलच्या लढ्यात लोक रोगराईबद्दल बोलत होते तसे कामापासून आणि पोरांच्या शाळेपासून तुटल्याबद्दलही बोलत होते. शिकणाऱ्या पोरीचे कॉलेज दोन बस लांब गेले की घरात पहिला विचार तिला घरी बसवण्याचा होतो.

आणि आता रमाबाई नगर. ११ जुलै १९९७ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या आपल्या दहा माणसांना जिथे गोळ्या घातल्या तीच ही वस्ती. पूर्व मुक्त मार्ग घाटकोपरच्या छेडा नगरपासून ठाण्यापर्यंत वाढवायचा आहे आणि तो रमाबाई नगर व कामराज नगरातून जातो. पुनर्वसन तिथेच होणार असे सरकार सांगते. आम्ही विकासाच्या विरोधात नाही. चाळीतल्या आणि झोपडीतल्या माणसाला चांगले घर हवेच. पण आम्ही तारीख आणि लेखी हमी मागतो, कारण 'तात्पुरते' बाहेर गेलेल्या गरिबाची परत यायची वाट या शहरात फार वेळा हरवली आहे. जाहिरातीत ठाण्याच्या गाडीवाल्याची किती मिनिटे वाचणार ते ठळक असते. भाड्याच्या खोलीसाठी मुंब्रा-दिव्याकडे गेलेल्या रमाबाई नगरच्या कामगाराची किती मिनिटे वाढतील, हा आकडा कोणी काढला आहे काय?

पैसा कोणाच्या मिनिटांवर खर्च होतो

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला. २१.८ किलोमीटर, सुमारे १७,८४० कोटी रुपये, दोन तासांचा प्रवास वीस मिनिटांत. कारला एका फेरीचा टोल २५० रुपये. दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव. सागरी किनारा रस्ता दहा-साडेदहा किलोमीटरचा, खर्च जवळपास १४ हजार कोटी. तिथेही दुचाकी आणि रिक्षाला बंदी. बेस्टची एखाद-दुसरी बस जाते एवढेच.

याच काळात बेस्टचे काय झाले? एकेकाळी साडेचार हजारांच्या आसपास असलेला ताफा तीन हजारांच्या खाली आला. ९ मे २०२५ पासून किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. १ जून २०२५ पासून पुण्यातही पीएमपीएमएलचे किमान भाडे १० रुपये झाले. पुण्याने २००६ मध्ये देशात पहिल्यांदा बससाठी वेगळा मार्ग आखला होता. तो नीट चालवायचा सोडून गाडीवाल्यांची ओरड ऐकली आणि २०२३ मध्ये नगर रस्त्यावरचा बीआरटी मार्ग उखडून टाकला. म्हणजे ज्या रस्त्यावर एका बसमध्ये साठ माणसे जात होती तिथली जागा एकेकटा माणूस बसलेल्या गाड्यांना दिली. मग पुणे जगात चौथे आले म्हणून गळा काढायचा!

मेट्रोचे कौतुक आम्हालाही आहे. आमची पोरेही तिच्यात बसतात. पण ३७ हजार कोटींच्या भूमिगत मेट्रोची पहिली गाडी सकाळी सहाच्या सुमारास सुटते. ज्याला त्याच वेळी चौकीवर हजेरी लावायची आहे त्याला ती काय कामाची? तिचे तिकीट १० ते ७० रुपये आहे. लोकलच्या दुसऱ्या वर्गाच्या पासावर महिना काढणाऱ्याला रोजचे हे पैसे झेपत नाहीत. तो लोकलच्या दारात लटकतो. ९ जून २०२५ ला दिवा आणि मुंब्र्याच्या मध्ये माणसे दारातून खाली पडली आणि मेली. मुंबईच्या लोकलमार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसे मरतात. ही माणसे कोणत्याही सरासरीत बसत नाहीत, कारण ती पोहोचतच नाहीत.

'पण गर्दीला जात नसते'

हा आक्षेप हमखास येतो. डोंबिवलीचा जोशीही लटकतो आणि उल्हासनगरचा कांबळेही लटकतो, मग यात जात कुठून आणली?

डोंबिवलीचा कारकून आमचा शत्रू नाही. त्याचा वेळही लुटला जातोय आणि या लढ्यात तो आमच्या सोबत हवा. पण आधी हे सांगा की कांबळे उल्हासनगरला का गेला? सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांचा अभ्यास केला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नाव दलित किंवा मुस्लिम असले की घर नाकारले जाते, किंवा जास्त भाडे आणि जादा अटी लादल्या जातात, हे त्यातून पुढे आले. त्याआधी २०१२ मध्ये देशातल्या सात महानगरांच्या जनगणनेच्या आकड्यांवरून दोन संशोधकांनी दाखवले की ही शहरे आर्थिक स्थितीपेक्षा जातीवर जास्त विभागलेली आहेत. ऑफिसजवळच्या सोसायटीत 'फक्त शाकाहारी' पाटी असते. आडनाव विचारून 'सांगतो नंतर' म्हणतात. मग बँकेत नोकरीला असलेला आपला माणूससुद्धा तीन स्टेशने पुढे घर घेतो. ती तीन स्टेशने हा जातीचा कर आहे. तो रुपयांत दिसत नाही, मिनिटांत वसूल होतो, आणि निवृत्त होईपर्यंत रोज दोनदा वसूल होतो.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हा कर लिहून ठेवला आहे. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसोबत वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाला. मुंबईचे नव्हे, सातारा जिल्ह्यातले गोरेगाव. मसूर स्टेशनवर उतरल्यावर महार आहेत कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवानाने चालत यायचे, असे ठरले. तीन तासांचा म्हणून सांगितलेला रस्ता रात्र उलटून दुसऱ्या दिवशी संपला, तोही पाण्याविना. १९२९ मध्ये चाळीसगावला टांगेवाले बाबासाहेबांना न्यायला तयार झाले नाहीत. ज्याला हाकता येत नव्हते त्याच्या हाती टांगा गेला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. तेव्हा ते परदेशात शिकून आलेले बॅरिस्टर होते. दुप्पट भाडे, कितीतरी पट वेळ आणि मोडलेला पाय. आता सांगा, प्रवासाला जात नसते?

आठ तासांचे काय झाले

बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी कामगाराच्या वेळेसाठी लढा दिला. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. त्या सहा तासांवर कामगाराचा हक्क होता. वाचायला, संघटना बांधायला, पोरांजवळ बसायला. आज शहराने ते सहा तास प्रवासात परत घेतले आहेत. रोज येऊन-जाऊन तीन तास म्हणजे सहा दिवसांचे अठरा तास. आणि त्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे काम ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे असे सांगतात. पण बारा तास काम आणि तीन तास प्रवास केल्यावर उरलेल्या नऊ तासांत माणसाने झोपावे, नळाला पाणी भरावे, की पोरीचा अभ्यास घ्यावा?

कायद्याचा दुटप्पीपणा बघा. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात काम पाच किलोमीटरपेक्षा लांब दिले तर मजुरीवर दहा टक्के जादा द्यायची तरतूद होती. म्हणजे गावच्या मजुराचा प्रवास ही मालकाची जबाबदारी आहे हे तत्त्व या देशाने मान्य केले होते. कामगार विमा कायद्यात २०१० पासून कामावर येता-जाता झालेला अपघात कामावरचा अपघात धरता येतो. म्हणजे मेल्यावर प्रवास कामाचा भाग ठरतो. जिवंत आहे तोवर त्या वेळेचा एक पैसा मिळत नाही.

विद्यार्थ्यांचेही तेच. स्वाधार योजनेत पुणे-मुंबईत शिकणाऱ्याला वर्षाला ६० हजार मिळतात, त्यात निवासासाठी २० हजार. वर्षाचे दहा महिने धरले तरी महिना दोन हजार. दोन हजारांत कॉलेजजवळ कॉटसुद्धा मिळत नाही. मग पोरगा शहराच्या टोकाला राहतो आणि रोज तीन तास बसमध्ये घालवतो. ग्रंथालय सहाला बंद होते, तो पाचलाच निघतो. निकाल लागला की म्हणायचे, आरक्षणवाल्यांना गुणवत्ता नाही.

आता आपल्या माणसांना चार शब्द

आपण हा प्रश्न कधी हाती घेतला? नाव, पुतळा, स्मारक यांवर आपण एका हाकेला रस्त्यावर येतो. यायलाच हवे, तो अस्मितेचा प्रश्न आहे. दादर स्टेशनला चैत्यभूमी नाव द्या ही मागणी आमचीही आहे. पण २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. स्टेशनचे नाव बदलण्याचा ठराव त्याच्या आधीच झालेला होता आणि पूल मात्र तेवढाच अरुंद राहिला होता. नावाची पाटी आणि पुलाची रुंदी, दोन्ही मागायला शिकावे लागेल.

आपण तक्रार करतो की पोरे वाचत नाहीत, अभ्यासवर्गाला येत नाहीत, बैठकीला चार डोकी जमतात. रात्री साडेनऊला दमून उतरलेला पोरगा कुठल्या बैठकीला येणार? त्याचा वेळ चळवळीच्या हातून कोणी नेला हे ओळखल्याशिवाय त्याला दोष देऊ नका. १९५५ मध्ये अमेरिकेत माँटगोमेरीच्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला आणि वर्षभराहून जास्त काळ पायी चालले. बस ही त्यांना किरकोळ नागरी समस्या वाटली नाही, स्वाभिमानाची लढाई वाटली. आज त्या देशाची जनगणना यंत्रणा लोकांना विचारते की कामावर पोहोचायला किती मिनिटे लागतात. वंशाची नोंदही असते. म्हणून काळ्या माणसाला गोऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो हे तिथे आकड्यांनी सिद्ध करता येते.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे अंतर आणि साधन विचारले. वेळ विचारलाच नाही. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून जातनिहाय जनगणना होणार आहे. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

एक, जनगणनेत कामाच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणी पोहोचायला लागणारा वेळ विचारा आणि तो जातनिहाय प्रसिद्ध करा. दोन, केंद्राच्या वेळ-वापर सर्वेक्षणात, २०१९ आणि २०२४ च्या, कुटुंबाचा सामाजिक गट नोंदवला जातो. शहरी प्रवासाचा वेळ त्या गटानुसार वेगळा छापा. तीन, कोणतेही पुनर्वसन करताना आधीच्या आणि नंतरच्या प्रवासाचा वेळ लेखी नोंदवा आणि वेळ वाढत असेल तर ते पुनर्वसन नाकारण्याचा हक्क वस्तीला द्या. चार, दिल्लीत २०१९ पासून आणि तमिळनाडूत २०२१ पासून बायांना शहर बस मोफत आहे. मुंबई-पुण्यात का नाही? पाच, कंत्राटी सफाई कामगारांना कामाच्या वॉर्डात घर द्या, आणि ते होईपर्यंत प्रवासाचा वेळ कामाच्या तासांत धरा.

सरकार मोजेपर्यंत थांबायचे कारण नाही. प्रत्येक वस्तीतल्या पाच-दहा तरुणांनी एक आठवडा वही घ्यावी. घरातून निघण्याची वेळ, थांब्यावर वाट पाहिलेली वेळ, गाडी बदलली ती वेळ, कामावर पोहोचल्याची वेळ, खर्च झालेले पैसे, एवढेच लिहावे. आईचे लिहा, बापाचे लिहा, बहिणीच्या कॉलेजचे लिहा. काम सुटून घरी बसलेल्या बायांना गाळू नका, त्यांच्या नावापुढे 'लांब पडले म्हणून काम सुटले' असे लिहा, म्हणजे आपली सरासरी तरी खोटी ठरणार नाही. येत्या १४ एप्रिलला विहारात फलक लावा, त्यावर आपल्या वस्तीचे आकडे असू द्या. वॉर्ड ऑफिसला मोर्चा नेताना हातात तीच वही असू द्या.

बाबासाहेबांनी मसूरचा तो प्रवास विसरून टाकला नाही. किती भाडे दिले, किती वेळ लागला, पाणी कोणी नाकारले, सगळे लिहून ठेवले. म्हणून सव्वाशे वर्षांनंतरही तो पुरावा म्हणून उभा आहे. आपणही लिहू या.

जय भीम!